मांडीचे हाड आणि आठवड्यांचा हिशेब

मुलाच्या मांडीचे हाड मोडले तर ते जुळेल की नाही, ही शंका वैद्यकाला फारशी कधी आलेलीच नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा एक अध्याय आहे. कोवळ्या वयातले मोडलेले हाड महिन्याभरात घट्ट होते, मध्यम वयात त्याला दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असे त्यात सरळ सांगून टाकले आहे. एक्स-रे हाती असलेल्या आजच्या डॉक्टरलाही या अंदाजात फारसा फेरफार करावा लागत नाही. तान्ह्या बाळाची मांडी दोन-तीन आठवड्यांत धरते, शाळकरी मुलाची सहा ते आठ आठवड्यांत. मग गेल्या दीडशे वर्षांत उपचार इतके का पालटले? माझ्या मते हा इतिहास हाड जुळवण्याचा कमी आहे. ते जुळेपर्यंतचे आठवडे कोणी, कुठे आणि कोणाच्या जिवावर काढायचे, याचाच तो जास्त आहे.

सुश्रुताच्या त्या अध्यायातली व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे. मांडी किंवा पिंढरी मोडलेल्या रुग्णाला लाकडी फळीवर निजवायचे आणि पाय हलू नये म्हणून पाच खुंट्या ठोकायच्या : सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि तळव्याशी एक. आधाराला वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन अशा झाडांच्या सालींच्या किंवा बांबूच्या कामट्या. पट्टी थंडीत सात दिवसांनी सोडून बांधायची, मध्यम ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी. सैल बांधली तर सांधा स्थिरावत नाही, करकचून बांधली तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते. घामाने भिजलेली पट्टी किती दिवस टिकते, हे ज्याने स्वतः पाहिले आहे त्याचाच हा हिशेब. पण या वेळापत्रकात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली आहे : महिनाभर रुग्णाच्या उशाशी कोणीतरी बसलेले असणार, आणि जाणता माणूस पुन्हा पुन्हा येणार.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत हे आठवडे रुग्णालयाच्या खाटेवर आले. १८६१ साली न्यूयॉर्कच्या गर्डन बक यांनी पायाला चिकटपट्टी लावून, दोरीने वजन टांगून हाड ताणून ठेवण्याची पद्धत मांडली. १८७०च्या दशकात लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधल्या थॉमस ब्रायंट यांनी ती तान्ह्यांसाठी उभी केली. मोडलेला पाय एक असला तरी दोन्ही पाय सरळ वर टांगायचे, आणि वजन एवढेच ठेवायचे की बाळाचे ढुंगण गादीपासून जेमतेम सुटेल. दिसायला हा प्रकार भयंकर, पण दोन दिवसांत बाळ त्याच अवस्थेत खेळू लागते, आणि लंगोट बदलायलाही सोपे. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे हाडवैद्यांच्या घराण्यातले. त्यांनी १८७५च्या सुमारास गुडघ्याच्या आजारासाठी बनवलेली लोखंडी चौकट पुढे मोडलेल्या मांडीसाठी जगभर गेली. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत ‘पायाला वजन लावलंय’ असे म्हणतात ते याच घराण्यातले. खाटेच्या पायथ्याखाली विटा, दोरीला वजन आणि शेजारी स्टुलावर आई किंवा आजी. खाट रुग्णालयाची, उसाभर मात्र घरच्यांचीच.

इथे कोणी म्हणेल की वजन लावणे मागे पडले ते धोक्यामुळे. आक्षेप खरा आहे. उभ्या टांगलेल्या पायातले रक्ताभिसरण मंदावते, पट्टी आवळली जाते आणि स्नायू मरतात. पाय सडल्याच्या अशा घटना १९५०च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांतून चर्चेला आल्या, आणि काही मुलांचा तर धडधाकट पायच गेला होता. बोटांचा रंग, ऊब आणि हालचाल तपासत राहण्याचा परिचारिकांचा नियम किती मोलाचा आहे, हे यावरून कळते. पण या धोक्याने ब्रायंटची पद्धत साधारण दोन वर्षांच्या आतल्या, १२ किलोच्या आसपासच्या मुलांपुरती मर्यादित केली, एवढेच. मोठ्या मुलांसाठी आडवे वजन चालूच राहिले, आणि अस्थितज्ज्ञांना त्यात काही कमीही वाटत नव्हते. उलट मोडल्यानंतर मुलाचे हाड काही काळ जास्त वेगाने वाढते, सरासरी सेंटिमीटरभर, हे त्यांना ठाऊक झाले होते. म्हणून टोके जरा एकमेकांवर चढलेली ठेवणेच ते पसंत करत. अस्थितज्ज्ञ वॉल्टर ब्लाउंट यांच्या १९५५च्या पुस्तकाचा सूरही मुलांच्या बहुतेक हाडांना चाकू लावू नये असाच होता.

मग बदलले काय? पहिल्यांदा जागा. १९५९ साली अमेरिकेत डॅमरॉन आणि थॉम्पसन यांनी हाड बसवून लगेच स्पायका प्लास्टर घालण्याचे निष्कर्ष मांडले. छातीखालपासून मोडलेल्या पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर, दोन पायांमध्ये आडवी काठी, शी-शूसाठी मध्ये कापलेली खिडकी. मूल काही दिवसांतच घरी. रुग्णालयाची खाट मोकळी झाली, पण सहा आठवड्यांचे उचलणे, पुसणे, खिडकीच्या कडांत लंगोट खोचणे घरावर आले. पुढे फ्रान्समधल्या नॅन्सीच्या शल्यविशारदांनी लवचिक सळ्यांची पद्धत आणली. गुडघ्याच्या जरा वर, वाढीच्या पट्ट्याला धक्का न लावता, दोन बाजूंनी दोन वाकवलेल्या सळ्या हाडाच्या पोकळीत सरकवायच्या. त्या परस्परांविरुद्ध दाब देत हाड धरून ठेवतात. ५ ते १६ वर्षांच्या मुलांमधल्या १२३ मोडींवरचा त्यांचा लेख १९८८ साली आला. प्रौढांसाठी जर्मन शल्यविशारद क्युंटशर यांची जाड सळई १९४० पासूनच होती, पण ती मुलांच्या खुब्याचा रक्तपुरवठा तोडू शकत होती. त्यामुळे तंत्राचा वाटा मी नाकारत नाही. शस्त्रक्रियेत चालता एक्स-रे दाखवणारे यंत्रही लागलेच. पण ज्या देशांत हे तंत्र झपाट्याने पसरले तिथे खाटेचा दिवस महाग झाला होता, आई-बाप दोघे नोकरीवर जात होते आणि मुलाची शाळा बुडणे परवडत नव्हते.

‘रॉड टाकला’ की हाड सरळ जुळते, म्हणून तो श्रेष्ठ, हा दुसरा आक्षेप. सळ्यांची नाही, पण बाहेरून चौकट लावून हाड धरण्याची प्लास्टरशी तुलना करणारी एक चाचणी कॅनडातल्या संशोधकांनी २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापली. चार ते दहा वर्षांच्या मुलांत दोन वर्षांनी हाड वाकडे जुळल्याचे प्रमाण प्लास्टरमध्ये ४५ टक्के, चौकटीत १६. फरक लहान नाही. पण मुलांचे चालणे-खेळणे आणि पालकांचे समाधान यांत दोन्ही गट सारखेच निघाले. मुलाचे हाड वाढता वाढता स्वतःचा बाक बरेचदा सुधारून घेते, फक्त पीळ तेवढा सहसा सुटत नाही. म्हणजे एक्स-रेवरचा विजय मुलाच्या आयुष्यातला विजय असेलच असे नाही. अर्थात डोक्याला मार लागलेले, अनेक हाडे मोडलेले किंवा वयात आलेले जड मूल असेल तर सळईला वैद्यकीय कारणेच भक्कम आहेत. तिथे माझा मुद्दा लागू नाही.

मधल्या वयात मात्र तो लागू आहे. अमेरिकेतल्या अस्थितज्ज्ञांच्या संघटनेने २००९ साली मार्गदर्शक सूचना दिल्या. सहा महिन्यांखाली पट्ट्यांचा हार्नेस किंवा स्पायका, पाच वर्षांपर्यंत स्पायका, पाच ते अकरा लवचिक सळ्या. पाच वर्षांच्या वाढदिवशी हाडात एकाएकी काही बदलत नाही. पण प्लास्टरमधले तीन वर्षांचे मूल कडेवर घेऊन संडासापर्यंत नेता येते, आठ वर्षांचे नेता येत नाही. ही रेषा हाडाइतकीच उचलणाऱ्याच्या कमरेचीही आहे. यात डॉक्टरांचे काही चुकते असे मला वाटत नाही. घरच्यांचे श्रम आणि बुडालेली मजुरी हेही दुखापतीचेच भाग आहेत. आक्षेप एवढाच की सळई बसवणे आणि पुढे पुन्हा भूल देऊन ती काढणे, या दोन शस्त्रक्रिया ‘हाडासाठी अपरिहार्य’ म्हणून सांगितल्या जातात, आणि महिनाभर घरी थांबू शकणाऱ्या आजीला कोणी विचारतच नाही. अलीकडे एकीकडे सळ्या पाच वर्षांच्या आतही घातल्या जात आहेत, तर दुसरीकडे एकाच पायाचे, काठीशिवायचे स्पायका प्लास्टर रूढ होते आहे. त्यात लहान मूल पुष्कळदा काही आठवड्यांतच स्वतःहून उभे राहून पावले टाकू लागते.