गिरणीच्या विटा

शाळेत औद्योगिक क्रांती शिकवताना आमची गाडी मँचेस्टरला थांबायची. धावता धोटा, स्पिनिंग जेनी, वाफेचं इंजिन, झालं. तिथून थेट स्वदेशीच्या चळवळीवर उडी. अमेरिकेतल्या गिरण्यांना पुस्तकात अर्धी ओळसुद्धा नव्हती. त्यामुळे मुलाकडे मॅसॅच्युसेट्सला जाणं-येणं सुरू झालं, तेव्हा बॉस्टनपासून जेमतेम चाळीसेक किलोमीटरवर लोवेल नावाचं अस्सल गिरणगाव आहे याचं मला भारी अप्रूप वाटलं. आता प्रत्येक खेपेला तिथे एक चक्कर ठरलेली. सूनबाई म्हणतात, "बाबा, लोक नायगारा बघायला येतात, तुम्ही विटा बघायला येता!"

तर या विटांची गोष्ट.

फ्रान्सिस कॅबट लोवेल नावाचा बॉस्टनचा व्यापारी १८१०च्या सुमारास इंग्लंडला गेला. यंत्रांचे आराखडे देशाबाहेर नेायला इंग्रजांची बंदी होती. या गृहस्थाने गिरण्या डोळ्यांनी पाहिल्या, डोक्यात साठवल्या आणि परत येऊन पॉल मूडी या कारागिराच्या मदतीने १८१४ साली वॉल्थम इथे यंत्रमाग चालू केला. १८१७ साली तो वारला. पुढे त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीच्या धबधब्याजवळ नवं गाव वसवलं आणि त्याला त्याचं नाव दिलं. नदी तिथे दहाएक मीटर खाली उतरते. ते पाणी कालव्यांनी गावभर फिरवायचं आणि त्यावर चाकं चालवायची. कोळसा नाही, धूर नाही. सुरुवातीला तर लोक हे गाव बघायला यायचे, १८४२ साली चार्ल्स डिकन्ससुद्धा येऊन गेला.

कामाला होत्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली. कंपनीच्याच विटांच्या घरांत त्या राहायच्या, तिथली बाई जेवणखाण बघायची, रात्री दहाला दार बंद. दिवसाला बारा-तेरा तास काम, आणि सगळं घंटेवर. आपल्या लालबाग-परळच्या खानावळवाल्या बाया आणि गिरणीचा भोंगा आठवतो की नाही? फरक इतकाच की आपल्याकडे गाळ्यात माणसं पाळीपाळीने झोपायची. या मुलींनी १८३४ साली पगारकपातीविरुद्ध आणि १८३६ साली राहण्या-जेवणाचा खर्च वाढवला म्हणून काम बंद पाडलं. शिवाय स्वतःचं मासिक चालवलं. आपले नारायण सुर्वेही गिरणीच्याच जगातून आले, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र तिथला देखणा घंटाघर-मनोरा बघताना विसरून चालत नाही. इथला कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे. आणि त्याच गुलामांच्या अंगावर जे जाडंभरडं कापड जाई, त्यालाही 'लोवेल' असंच म्हणत. १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, कापूस थांबला, गिरण्या बंद पडल्या. तिकडे हाहाकार आणि इकडे आपल्या मुंबईत कापसाच्या भावाने सोन्याचा धूर! १८६५ साली युद्ध संपलं आणि मुंबईचे शेअर कोसळले. ही दोन गावं एकमेकांना न बघताच एकमेकांशी बांधलेली होती.

मी सांगणार आहे ती इमारत म्हणजे बूट मिल. नावाचा पायातल्या बुटांशी काही संबंध नाही. कर्क बूट हा या गावचा सुरुवातीचा कारभारी, त्याच्या नावाने १८३५ साली ही कंपनी निघाली. अगदी गावाच्या मधोमध, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कालवा. आधी चार सुट्या इमारती होत्या, मग जसजसा धंदा वाढला तसतशा मधल्या जागा भरत गेल्या. जाड विटांच्या भिंती, आत लाकडाच्या भक्कम तुळया, जाड फळ्यांची जमीन, आणि आग मजल्यामजल्यांतून पसरू नये म्हणून जिने बाहेरच्या मनोऱ्यांत.

विसाव्या शतकात धंदा दक्षिणेकडच्या राज्यांत गेला. १९५०च्या दशकात बूट मिलही बंद झाली. मग तेच, जे सगळीकडे होतं. जुनं म्हणजे दारिद्र्य, पाडून टाका. गावातली सर्वांत पहिली मेरिमॅक कंपनीची गिरणी अशीच १९६०च्या आसपास गेली, तिच्या मुलींची विटांची घरंही गेली.

ते थांबलं त्यात पॅट्रिक मोगन या शिक्षणखात्यातल्या माणसाचा मोठा वाटा होता, हे वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. (मास्तर मंडळींना कोणी विचारत नाही म्हणतात!) गावातल्या मुलांना आपल्या गावाची लाज वाटते, कारण आजी-आजोबा ज्या गिरणीत राबले ती आज पडकी आहे, हे त्याला दिसत होतं. गिरण्या, कालवे, गल्ल्या सगळं मिळून एक शाळाच समजावी, असं त्याचं म्हणणं. ते पॉल सॉन्गस या तिथल्या लोकप्रतिनिधीने उचलून धरलं आणि जून १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने लोवेल हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. उद्यान म्हणजे झाडं नव्हेत बरं का, गिरण्याच.

पण एवढ्या गिरण्यांची संग्रहालयं करून ती कोण बघणार? इथे तिथल्या सरकारने हिशेबी डोकं वापरलं. नोंद झालेल्या ऐतिहासिक इमारतीची दुरुस्ती ठरवून दिलेल्या रीतीने केली, तर खर्चाच्या काही हिस्स्याइतका केंद्रीय कर माफ. १९८६ पासून हा हिस्सा २० टक्के आहे. अट अशी, की इमारत उत्पन्न देणारी हवी: भाड्याची घरं, दुकानं, कचेऱ्या. मालक स्वतः राहणार असेल तर सवलत नाही. म्हणून आज बूट मिलच्या एका भागात संग्रहालय, बाकी भागांत कचेऱ्या आणि लोकांची बिऱ्हाडं आहेत. खिडक्यांत कुंड्या दिसतात, एकीत मांजर बसलेलं होतं.

गिरणी राहायला कशी काय जमते, हे कोडं मला बरेच दिवस होतं. उत्तर सोपं आहे. विजेआधीच्या काळात साच्यावर सूत तुटलेलं दिसायला उजेड हवा. म्हणून इमारत लांबलचक पण रुंदीला कमी, आणि दोन्ही अंगांना उंच खिडक्या. मधून जिना-बोळ काढला की प्रत्येक घराला ढीगभर उजेड! मालकाने कापडासाठी सोडलेला उजेड दीडशे वर्षांनी भाडेकरूच्या स्वयंपाकघरात येतो. मात्र काम किचकट. बुजवलेल्या खिडक्या उघडायच्या, पिढ्यान्पिढ्या यंत्रांचं तेल प्यायलेल्या फळ्यांचं काय ते बघायचं. विटांच्या सांध्यांत सिमेंट भरायचं नाही. जुनी वीट मऊ असते, चुन्यातून तिचा ओलावा बाहेर पडतो. सिमेंटने वाट बंद केली की पाणी विटेत अडतं, थंडीत गोठतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. वाळूचा मारा करून वीट 'स्वच्छ' करायचीही मनाई, कारण भट्टीत तयार झालेली वरची कडक कातडीच निघून जाते. आपल्याकडे वाड्यांच्या भिंतींवर सर्रास सिमेंट थापणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

लोवेलमध्ये सगळं आलबेल झालं असं नाही. विटा वाचल्या, गिरणीतलं काम परत आलं नाही. बूट मिलमध्ये आज राहणारे बहुतेक जण गिरणी कामगारांचे नातू नसावेत, असं तिथल्या पार्किंगमधल्या गाड्या बघून वाटतं.

तरीही मला आपलं गिरणगाव आठवून आत कुठेतरी दुखतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझे थोरले काका त्यातले एक, लालबागच्या एका गिरणीत साचे चालवत. संप कधी मिटलाच नाही. १९९१च्या नियमात निदान विचार चांगला होता: जमीन विकसित करताना एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी शहराला, एक तृतीयांश सरकारी घरांना, उरलेली मालकाला. २००१ साली तो बदलला, आणि हा वाटा फक्त मूळच्या मोकळ्या जमिनीतून द्यायचा ठरला. म्हणजे जिथे गिरणी उभी होती ती जमीन हिशेबातून वजा. गिरणी पाडली तरी वजाच! मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. लोवेलच्या नियमाने मालकाला भिंत राखण्यात फायदा दाखवला, आपल्या नियमाने पाडण्यात. दोन्हीकडचे मालक फायदाच बघत होते, त्यांना दोष देऊन काय उपयोग? आपल्याकडे काही चिमण्या तेवढ्या उरल्या, मॉलच्या मधोमध, पत्ता विसरलेल्या पाहुण्यासारख्या.

बूट मिलच्या संग्रहालयात तळमजल्यावर ८८ माग मांडले आहेत. त्यांतले थोडेच चालू करतात, तरी दारात कानात घालायला बोळे देतात आणि पायाखालची जमीन थरथरते. नातू कानावर हात ठेवून बाहेर पळाला. मी थांबलो. काका घरी नेहमी ओरडूनच बोलायचे, काकू त्यावरून चिडायच्या. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ साली, काका तोवर गेले होते. अर्ज चुलतभावाने भरलेला आहे. त्याचा नंबर अजून लागलेला नाही.