बाळाचे पाणी

आमचे संगमनेर प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरचे. घर तर नदीपासून हाकेच्या अंतरावर. तरीही माझ्या आजीचे एक मूल पाण्यावाचून गेले. त्याला ढाळ लागले, तेव्हा शेजारच्या जाणत्या बायकांनी सांगितले, ‘पोटात पाणी ठरत नाही, पाणी तोड.’ आजीने तोडले. पुढे ही हकिगत सांगताना ती आमच्याकडे न बघता तांब्याकडे बघे.

तान्ह्याची हगवण दातांमुळे, नाहीतर दृष्टीमुळे, हे तेव्हा सर्वांना ठाऊकच असे. वास्तविक १८८५ सालीच थिओडोर एशेरिख या डॉक्टरांनी अर्भकांच्या विष्ठेतील एका जंतूचे वर्णन केले होते. परंतु तो निरोगी मुलांच्या आतड्यांतही सापडे, म्हणून पुष्कळ काळ निरुपद्रवी गणला गेला. त्याच्याच कुळातील काही जाती मुलांना हगवण लावतात, याचा सबळ पुरावा १९४५ साली इंग्लंडात जॉन ब्रे यांनी दिला. घरचाच माणूस चोर निघावा, तसे झाले!

पण चोर ओळखून मूल वाचत नाही. ढाळांवाटे जाते ते पाणी आणि मीठ. मूल दगावते ते त्या शोषाने. आतड्याचा गुण असा, की साखर सोबतीला असली म्हणजे ते आजारातही मीठ आत घेते, आणि मिठामागोमाग पाणी जाते. १९७१ साली बांगला देशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज घातलेले पाणी पिंपांतून वाटले. शंभरांत तीस रुग्ण दगावत होते. हे पाणी प्यालेल्यांत ते प्रमाण चाराच्या आत आले.

आमच्याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम आरंभिले. त्यांनी खेड्यांतल्या बायकांनाच आरोग्यसेविका केले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. लिटरभर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि अंगावरचे दूध चालूच ठेवायचे: असली विद्या या बायका घरोघर सांगू लागल्या. मला तर त्यांचे काम डॉक्टरांच्या कामाहून अवघड वाटते. कारण त्यांना जंतूशी नव्हे, सासूशी वाद घालायचा होता.

आजी असताना एकदा हे सारे मी तिला समजावून सांगितले. तिने प्रमाण पुन्हा विचारले, बोटांवर मोजले. मग म्हणाली, “मीठ-साखर तर फळीवरच होती रे.”