ब्रिटिश मोटारसायकलींतील तेल-गाळणी : एका उणिवेचे पुनर्मूल्यमापन

ब्रिटिश मोटारसायकल उद्योगाच्या ऱ्हासाची मीमांसा करताना त्या यंत्रांतील वंगणतेल गाळण्याच्या अपुऱ्या व्यवस्थेकडे पुष्कळदा बोट दाखविले जाते. अमेरिकेत स्वीटलंड व ग्रीनहाल्घ यांनी १९२३ मध्ये मोटारींसाठी ‘प्युरोलेटर’ ही तेल-गाळणी सिद्ध केली होती. तरीही पुढील चार दशके ट्रायम्फ व बी. एस. ए. यांच्या बहुतेक यंत्रांत तारेच्या जाळीपलीकडे गाळणी नव्हती. यावरून उत्पादकांचे अज्ञान सिद्ध होते, असा निष्कर्ष सहज काढला जातो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो अपुरा आहे.

प्रारंभीच्या यंत्रांत हा प्रश्नच उद्भवत नव्हता. चालक हातपंपाने इंजिनात तेल सोडी आणि ते आपले कार्य करून जळून वा गळून जाई. जे तेल परत यावयाचे नाही, ते गाळण्याचे प्रयोजन काय? दोन महायुद्धांच्या दरम्यान कोरड्या तळाची पद्धती रूढ झाली. तीत एक पंप टाकीतील तेल इंजिनाला पुरवी व दुसरा, अधिक क्षमतेचा पंप तळाशी जमलेले तेल टाकीत परत पाठवी. तेच तेल पुनःपुन्हा फिरू लागल्याने त्याबरोबर काजळी व धातूचे कणही फिरू लागले.

तथापि ही व्यवस्था तीन आधारांवर उभी होती. रोलर बेअरिंगे सूक्ष्म कचरा बऱ्याच अंशी सोशीत. त्या काळच्या खनिज तेलात मळ तरंगता ठेवणारी द्रव्ये नसल्याने तो टाकीच्या बुडाशी बसे. शिवाय थोड्याथोडक्या मैलांनी तेल बदलण्याचा दंडक होता. बेअरिंग, तेल व निगा यांत एक प्रकारचा मेळ होता; गाळणीचा अभाव हा त्या मेळाचाच एक भाग होय.

हा मेळ दोन बाजूंनी ढळला. १९३७ मध्ये एडवर्ड टर्नर यांच्या ट्रायम्फ ‘स्पीड ट्विन’ या जुळ्या सिलिंडरांच्या यंत्राने कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशी साधी बेअरिंगे आणली. साध्या बेअरिंगात धातूंना अलग ठेवतो तो केवळ तेलाचा पातळ थर; एखादा कठीण कण त्यात शिरला की पृष्ठभागावर ओरखडे पडतात. यावर पुढे योजलेला उपाय म्हणजे क्रँकशाफ्टच्या पोकळीत बसविलेली गाळनळी. फिरण्याच्या वेगामुळे जड कण बाहेरच्या बाजूस फेकले जाऊन तेथे साचत. युक्ती चतुर होती; परंतु ती नळी साफ करण्यासाठी संपूर्ण इंजिन उलगडावे लागे, आणि ती भरून वाहाट बुजली की ज्या बेअरिंगांच्या रक्षणार्थ ती योजिली, त्यांचाच तेलपुरवठा खुंटे.

दुसरा बदल तेलातच झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रक्षालक द्रव्ये मिसळलेल्या तेलांचा प्रसार झाला. ही तेले मळ बसू न देता तरंगत ठेवतात. तो पकडणारी गाळणी असेल तर हा गुण. ती नसेल तर तोच मळ बेअरिंगांपर्यंत पोहोचतो.

गाळणीचे ज्ञान ब्रिटनमध्ये नव्हते, असे म्हणता येत नाही. १९४६ च्या व्हिन्सेंट ‘रॅपिड’मध्ये स्वतंत्र गाळणी होती. रॉयल एनफील्ड ‘बुलेट’च्या इंजिनातही नमद्याची गाळणी होती, १९५५ मध्ये मद्रास येथे एनफील्ड इंडिया स्थापन झाल्यावर ती भारतीय कारागिरांच्याही परिचयाची झाली. १९६८ च्या ट्रायम्फ ‘ट्रायडेंट’मध्ये बदलता येणारी गाळणी आली, त्याच कंपनीची ६५० घन सें.मी. ची जुळी यंत्रे मात्र जाळीवरच चालत राहिली. नॉर्टन ‘कमांडो’ला १९७२ मध्ये डब्याची गाळणी लाभली. तात्पर्य, उणीव ज्ञानाची नव्हती. नव्या रचनेबरोबर गाळणी आली आणि जुनी रचना बदललेल्या तेलाच्या काळातही तशीच पुढे चालत राहिली.

ही यंत्रे जतन करणारे आज बहुधा परतीच्या नळीवर कागदी गाळणी बसवितात. पुरवठ्याच्या नळीत तेल टाकीतून केवळ स्वभाराने व पंपाच्या ओढीने उतरते. तेथे अडथळा आल्यास इंजिन कोरडे पडण्याचे भय असते. परतीच्या मार्गावर पंप तेल पुढे ढकलीत असतो, आणि गाळणी तुंबल्यास मार्ग देणारी झडप असली म्हणजे पुरेसे होते. मात्र गाळनळी साफ न करता जुन्या इंजिनात प्रक्षालक तेल घातल्यास साचलेला गाळ सुटून तेलवाटा बुजण्याचा धोका संभवतो.

अशी भर घातल्याने यंत्राचे ऐतिहासिक स्वरूप भ्रष्ट होते काय? मूळचे ओतकाम न छेडता केलेली व काढून घेता येणारी भर पुराव्याला बाध आणीत नाही. उलट ज्या तेलासाठी ते यंत्र घडले ते तेल मागे पडले असता, गाळणीवाचून ते चालविणे म्हणजे जतनाच्या नावाखाली पुराव्याचीच झीज करणे होय. एखाद्या यंत्रातील उणीव ही त्याच्या घडणीच्या काळी उणीव होती की भोवतालची परिस्थिती बदलल्याने तशी ठरली, हा भेद तंत्रेतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम केला पाहिजे.