दादासाहेब खापर्डे यांचे शंभर दिवस: विखुरलेले मन, एक ग्रंथ आणि एक रोजनिशी

१/
६ डिसेंबर १९११. अमरावतीचे नामांकित वकील आणि लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे शिर्डीत दाखल झाले. वय सत्तावन्न. त्यांचा मुक्काम लांबत गेला आणि १५ मार्च १९१२ रोजी संपला. हे शंभर दिवस त्यांनी स्वतःच्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहेत. चहूबाजूंनी ओढल्या गेलेल्या मनाची घडी पुन्हा कशी बसते, याचा वऱ्हाडच्या इतिहासातील हा दुर्मिळ पुरावा आहे.

२/
खापर्डे यांचा जन्म १८५४ चा. शिक्षण अमरावतीत आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. १८८४ मध्ये कायद्याची पदवी घेतल्यावर काही वर्षे त्यांनी वऱ्हाडात सरकारी नोकरी केली. १८९० मध्ये ती सोडून अमरावतीत वकिली मांडली. संस्कृत व इंग्रजी या दोन्ही भाषांवर प्रभुत्व, खटकेबाज वक्तृत्व आणि सढळ हात. त्यांच्या राहणीमुळे लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणत.

३/
डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर होते आणि स्वागताध्यक्ष खापर्डे. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या पहिल्या शिक्षेमुळे तुरुंगात होते. वऱ्हाडातील सार्वजनिक जीवनाचे ओझे तेव्हापासूनच खापर्डे यांच्या खांद्यावर येऊ लागले.

४/
मग १९०८ साल उजाडले. त्या वर्षी अकोल्यात शिवजयंतीच्या उत्सवाला टिळक आले होते. शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रपरंपरेत त्या सभेचे वर्णन आहे आणि त्यात खापर्डेही आहेत. पुढे २४ जूनला टिळकांना अटक झाली. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि त्यांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात झाली.

५/
शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागण्यासाठी खापर्डे ऑगस्ट १९०८ मध्ये इंग्लंडला निघाले. अपिलाची परवानगी नाकारली गेली. त्यानंतरही ते तेथेच राहून खटपट करीत राहिले. दोन वर्षे गेली, टिळक मात्र सुटले नाहीत. वकिलाचा व्यवसाय त्याच्या रोजच्या हजेरीवर उभा असतो. दोन वर्षे वकील कचेरीत दिसला नाही, तर पक्षकार दुसरे दार ठोठावतात. खापर्डे यांची अमरावतीतील घडी अशी मोडली.

६/
ऑक्टोबर १९१० मध्ये परतीच्या वाटेवर ते ब्रह्मदेशात उतरले आणि मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटले. एक जण बंदिवान, दुसरा मोकळा. तथापि पुढच्या काही महिन्यांत या दोघांचे काय झाले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे.

७/
त्या भेटीनंतर थोड्याच दिवसांत टिळकांनी शिसपेन्सिलीने गीतारहस्याचा खर्डा लिहावयास घेतला. नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या सुमारे पाच महिन्यांत तो पूर्ण झाला. तुरुंगाने त्यांचे सर्व काही हिरावले होते. त्याबरोबर सभा, अग्रलेख, पत्रव्यवहार आणि भेटीगाठी यांची रोजची खेचाखेचही थांबली होती. उरली होती एक खोली, काही ग्रंथ आणि एक काम.

८/
मोकळ्या खापर्डे यांच्या वाट्याला नेमके उलटे आले. व्यवसाय विस्कटलेला, घरखर्च मोठा. १९०७ च्या सुरत अधिवेशनातील फुटीनंतर जहाल गट काँग्रेसबाहेर आणि त्याचा नेता परदेशी तुरुंगात. फेब्रुवारी १९१० चा नवा प्रेस कायदा लागू झालेला. स्वतःवरही राजद्रोहाचा खटला होईल, ही भीती त्यांच्या शिर्डी-मुक्कामामागे होती, असे साईचरित्राचे अभ्यासक सांगतात. प्रत्येक धागा तातडीचा होता आणि एकही हातात येत नव्हता.

९/
डिसेंबर १९१० मध्ये ते प्रथम आठवडाभर शिर्डीस जाऊन आले. वर्षभराने पुन्हा गेले. वऱ्हाडातून निघालेली आगगाडी अकोला, भुसावळ करीत मनमाडला पोहोचते. तेथून कोपरगाव आणि पुढे शिर्डी. साईबाबांचे वास्तव्य असलेली मशीद, चावडी, भक्तांसाठी उभे राहिलेले एक-दोन वाडे आणि भोवती शेते, एवढेच ते गाव होते.

१०/
रोजनिशीतील दिवस जवळजवळ सारखे आहेत. पहाटे उठणे, काकड आरती, प्रार्थना. साई महाराज बाहेर जाताना एकदा आणि परतताना पुन्हा एकदा दर्शन. माध्यान्ह आरती, भोजन, विश्रांती. सायंकाळी मशीद, मग वाड्यातील आरती. रात्री भीष्मांचे भजन आणि काकासाहेब दीक्षितांचे रामायणवाचन. वाचणाऱ्याला ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटेल. लिहिणाऱ्याला मात्र तिचाच आधार होता. यातील एकही वेळ त्याला स्वतः ठरवावी लागत नव्हती.

११/
या दिनक्रमाच्या मध्यभागी एक ग्रंथ होता, विद्यारण्यांची ‘पंचदशी’. अद्वैत वेदान्तावरील पंधरा प्रकरणांचा हा संस्कृत ग्रंथ बापूसाहेब जोग, उपासनी आदी मंडळी खापर्डे यांच्यासह नियमाने वाचीत. उपासनी म्हणजे पुढे साकुरीचे उपासनी महाराज म्हणून प्रसिद्ध झालेले काशिनाथ गोविंद उपासनी. त्यांनी पूर्वी अमरावतीतच वैद्यकी केली होती आणि शरीराच्या व्याधीने हैराण होऊन ते शिर्डीत आले होते. अमरावतीचे दोन त्रस्त जीव एका पोथीभोवती बसले होते.

१२/
येथे ग्रंथाची निवड महत्त्वाची आहे. पंचदशी चाळता येत नाही. शब्दाचा अर्थ लावावा लागतो, पूर्वपक्ष समजून घ्यावा लागतो, मग पुढचा श्लोक. कायद्याच्या शिस्तीत घडलेल्या बुद्धीला हे काम परिचयाचे होते. फरक इतकाच, की येथे पक्षकार, तारीख आणि निकाल नव्हता. ज्या बुद्धीचे दहा दिशांना तुकडे झाले होते, तिला रोज एकाच दिशेला, थोडेच अंतर चालावयाचे होते, आणि तेही सोबतीने.

१३/
गोविंद रघुनाथ दाभोलकर यांनी ‘श्रीसाईसच्चरिता’त एक निरीक्षण नोंदविले आहे. बाबांपुढे प्रत्येक जण काही ना काही बोले. नेहमी मौन धरून बसणारे तिघेच: खापर्डे, नूलकर आणि बुटी. ज्यांच्या भाषणांनी सभा गाजत, ते गृहस्थ तेथे श्रोते झाले होते. ज्याला आयुष्यभर प्रत्येक प्रसंगी काहीतरी बोलणे भाग होते, त्याला काही काळ उत्तर द्यावे लागत नव्हते.

१४/
हे सारे सुखाने घडले, असे मात्र नाही. अमरावतीस परतण्याची ओढ त्यांना पुन्हा पुन्हा लागे आणि परवानगी मिळत नसे. भक्तांच्या दृष्टीने हे गुरूचे संरक्षण होते. राजकीय अंगाने पाहिले, तर सरकारचे लक्ष असलेला पुढारी दूरच्या खेड्यात राहिला. दोन्ही दृष्टींनी परिणाम एकच झाला. निस्तरण्यासाठी घाईने धावत सुटण्याचा मार्ग बंद झाला.

१५/
याच मुक्कामात मुलगा बळवंत तापाने फणफणला. साईसच्चरितात हे दुखणे प्लेगचे असल्याचे सांगितले आहे. त्या दशकांत प्लेगने मुंबई इलाख्यात आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात घरेच्या घरे ओस पाडली होती. त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाईंची अवस्था काय झाली असेल, हे निराळे सांगावयास नको. त्या मूळच्याच निष्ठावान भक्त होत्या आणि पती परतल्यावरही शिर्डीत राहिल्या. मुलगा बरा झाला. दादासाहेबांच्या या शंभर दिवसांची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली होती, हे विसरता कामा नये.

१६/
रोजनिशीची भाषा इंग्रजी आणि कोरडी आहे. कोण आले, काय वाचले, बाबा काय बोलले, किती वाजता उठणे झाले. मनाच्या वेदनेचे लांबलचक वर्णन तीत सापडत नाही. पण चिंतेला आकार नसतो आणि नोंदीला असतो. दिवस कितीही वाईट गेला, तरी रात्री त्याचे चार ओळींत निवेदन करणारा माणूस त्या दिवसापासून एक पाऊल दूर उभा राहतो. ही सवय खापर्डे यांना शिर्डीने लावली नव्हती. ती अनेक वर्षांची होती आणि सर्व काही ढासळत असताना तीच टिकली.

१७/
मार्च १९१२ मध्ये ते परतले, तेव्हा कोणताच प्रश्न सुटलेला नव्हता. टिळक तुरुंगातच होते, व्यवसाय नव्याने जमवावयाचा होता. परंतु पुढील काळ बोलका आहे. जून १९१४ मध्ये टिळक सुटले आणि खापर्डे पुन्हा त्यांच्यासोबत कामाला लागले. होमरूल चळवळ, केंद्रीय कायदेमंडळाचे सभासदत्व, १९१९ मध्ये रौलट विधेयकाला विरोध आणि त्याच वर्षी होमरूल शिष्टमंडळातून पुन्हा इंग्लंड. ज्या देशातून नऊ वर्षांपूर्वी हात हलवीत परतावे लागले होते, तेथेच पासष्टीच्या घरात ते पुन्हा गेले.

१८/
शिर्डीमुळेच हे घडले, असे सिद्ध करता येत नाही. इतिहास कालक्रम देतो, मनाचा आतला हिशेब देत नाही. रोजनिशी दाखविते ते इतकेच: प्रश्न आधी सुटले आणि मग मन स्थिर झाले, असा क्रम येथे नव्हता. वेळा ठरल्या, वाचन एका ग्रंथापुरते आले, बोलणे कमी झाले, सोबत मिळाली. प्रश्न होते तसेच राहिले आणि त्यांच्याकडे परतण्याचे बळ आले.

१९/
टिळकांना जे मंडालेच्या भिंतींनी सक्तीने दिले, ते खापर्डे यांना शिर्डीत निम्म्या सक्तीने आणि निम्म्या स्वेच्छेने मिळाले. मंडालेतून गीतारहस्य निघाले आणि १९१५ मध्ये छापले गेले. शिर्डीतून असा कोणताही ग्रंथ निघाला नाही, तेथे फक्त रोजच्या नोंदी झाल्या.

२०/
दादासाहेब खापर्डे १ जुलै १९३८ रोजी निवर्तले. त्यांच्या रोजनिश्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि शिर्डीचा भाग पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. तो वाचताना चमत्काराच्या नोंदींवर नजर आधी जाते. एकदा त्या बाजूला ठेवून केवळ दिनक्रम वाचून पाहावा. पहाटे उठलो, प्रार्थना केली, पंचदशीला बसलो, अशा आशयाची नोंद पानामागून पान येत राहते, आणि वऱ्हाडचा एक थकलेला वकील हळूहळू सावरताना दिसतो.