रुमालावरची धूळ

1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने एका उपाहारगृहातल्या खुर्चीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावले आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला होता. हवा ओढायची आणि धूळ कापडात अडवायची, हे व्हॅक्यूम क्लीनरचे तत्त्व त्याला सापडले. त्याआधी त्याने पाहिलेले सफाईचे यंत्र मात्र धूळ फुंकून उडवत असे.

बूथचे यंत्र घोडागाडीवर असे. ते रस्त्यात उभे राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जात. सातव्या एडवर्डच्या 1902 मधल्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच स्वच्छ केले.

घरात मावेल असे यंत्र ज्याने घडवले, त्या जेम्स मरे स्पँगलरचे मोल जास्त. ओहायोतल्या कँटनमध्ये तो सफाईचे काम करी, आणि त्याला दमा होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने जीव घुसमटे. त्याने पंख्याची मोटर आणि फिरता ब्रश जोडला, धूळ साठवायला चक्क उशीचा अभ्रा लावला. 1908 मध्ये पेटंट मिळाले. हक्क हूवर कुटुंबाकडे गेले.

वायरविना चालणारे यंत्र घरोघरी रुळले ते 1979 च्या डस्टबस्टरमुळे. पुढे लिथियम बॅटरी आली, तत्त्व मात्र रुमालाचेच राहिले: धूळ फिल्टरमध्ये अडते.

म्हणून यंत्राची ओढ मंदावली, तर मोटरला दोष देण्याआधी फिल्टर पाहा. धुण्याजोगा असेल तर साध्या पाण्याने धुवा, ब्रशला गुंडाळलेले केस कापून काढा, आणि फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.