दगडाची पाटी कशी झाली

नाशिकच्या पांडवलेण्यांतले सगळ्यात जुने लेख अगदी त्रोटक आहेत. 19 क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा कृष्णाच्या काळचा लेख खिडकीच्या वरच्या पट्टीवर आहे. 18 क्रमांकाच्या चैत्यगृहात धंभिक गावाच्या दानाची नोंद दाराच्या कमानीवर आहे. खिडकी-दार घडवताना दगड साफ झालाच होता. त्यावरच अक्षरे उतरली. या दोन्ही लेखांत नाशिकचे नाव येते.

पुढे दानाला हिशेब चिकटला. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींत 3000 कार्षापण ठेवले: 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 पाऊण टक्क्याने. मुद्दल कायम ठेवायचे आणि व्याजातून भिक्षूंना चीवरे व इतर खर्च द्यायचा. असा करार नातवंडा-पतवंडांनाही वाचता यायला हवा. त्यासाठी खिडकीची पट्टी पुरेना. 10 क्रमांकाच्या लेण्यात व्हरांड्याची भिंतच लेखासाठी घेतली गेली. सातवाहन राजा पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षातला, त्याची आजी गौतमी बलश्री हिचा लेख 3 क्रमांकाच्या लेण्यात अशाच भिंतीवर 11 ओळींचा आहे.

हा सगळा बेसाल्ट. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी त्यात पोकळ्या राहतात आणि पुढे त्या पांढऱ्या खनिजांनी भरतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती काचेआड मिरवतात. कोरणाऱ्याच्या छिन्नीखाली मात्र ती फुटून अक्षराचा कान उडवतात. घडवलेली शिळा बिघडली तर दुसरी आणता येते. लेण्याची भिंत डोंगराचाच भाग. ती बदलणार कुठून?

म्हणून हाताने कोरायचे तर निम्मे काम अक्षरांआधीचे. टोकदार टाकीने उंचवटे उडवायचे, मग रुंद छिन्नीने घाव जवळजवळ घेत पृष्ठ एका पातळीत आणायचे. सरळ पट्टी आडवी-तिरपी धरली की जिथे खालून उजेड दिसत नाही, तिथे टेकाड राहिलेले असते. मग दगडाने पाणी टाकत घासायचे. गेरूत भिजवलेल्या दोऱ्याने सूत मारून ओळी आखायच्या, अक्षरे रेखायची आणि मगच छिन्नी लावायची. बेसाल्ट धार पटकन खातो, त्यामुळे शिकाऊ माणसाला छिन्नीला पाणी देणेही शिकावे लागते.

आजच्या कोनशिलेसाठी ग्रॅनाइटची तयार, आरशासारखी फरशी मिळते आणि अक्षरे यंत्र पाडते. काम झटपट होते, पण दगड वाचण्याची विद्या त्यात लागत नाही. हाताने अक्षर कोरायला शिकायचे असेल, तर पहिले काही महिने अक्षराला हातच लावू नये. फक्त दगड सपाट करावा. आणि पांडवलेण्यांत गेलात तर लेखांच्या भिंतीवर स्वतःचे नाव कोरू नका. ती भिंत दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कामासाठी घासून ठेवली आहे.