साक्षीदार घर

गेल्या सुटीत धुळ्याहून पुण्याला निघालो, तेव्हा नातवाशी वाद झाला. त्याला पुण्याचे ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय पाहायचे होते. मला वाटेत चाळीसगावी केकी मूस यांचे कलादालन. वेळ एकापुरताच होता.

मी चाळीसगाव धरले, त्याला कारण होते. क्रिकेटला साक्षीदार पुष्कळ. सामना हजारोंनी पाहिलेला, धावफलक वर्तमानपत्रांत छापलेला. बॅट हरवली तरी शतक इतिहासात राहते. मूस (१९१२–१९८९) यांचे तसे नाही. रेल्वे स्टेशनाजवळच्या घरात या कलावंताने स्वतःला कित्येक दशके जवळजवळ कोंडून घेतले. टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाश साधून त्यांनी निसर्गदृश्यांचा भास देणारी छायाचित्रे टिपली. काम करताना भोवती प्रेक्षक नव्हते. साक्षीदार एकच, ते घर.

नातू एका छायाचित्रापुढे बराच वेळ थांबला. ‘‘आजोबा, हे खरंच टेबलावरचं?’’ मी मान डोलावली. क्रिकेट पुढच्या खेपेला, असा शब्द देऊन गाडी पकडली.

प्रवासात दोहोंतून एक निवडायची वेळ आली, तर ज्याला दुसरा साक्षीदार नाही, तिथे आधी जावे.